तंबाखूचा वास तंबाखूचाच

"सांग, काय लागतंय?"

"तंबाखू," मी म्हणालो.

माएस्त्रो, म्हणजे सिगार वळणारे माझे उस्ताद, हसले नाहीत. समोरच्या फळीवर पान पसरलं, चंद्रकोरीच्या आकाराच्या सुरीने त्याची कड कापली आणि मान वर न करताच म्हणाले, "ते मलाही ठाऊक आहे. पुढचं सांग."

पुढचं मला काही सांगता येईना. शेजारच्या टेबलावर दोघे जण तीच सिगार ओढत होते. एकाला तिच्यात चामडं लागत होतं, लाकूड लागत होतं आणि मागून जरासा कोको. दुसरा म्हणाला, मला तर भाजलेला बदाम लागतोय. मी त्यांच्याकडे बघायचो, मग हातातल्या सिगारकडे. मला खरोखरच तंबाखू सोडून काही लागत नव्हतं.

आणि याचं मला फार वाईट वाटलं, कारण मी निपाणीचा. कोल्हापूर सोडून बेळगावकडे निघालं की हमरस्त्यावर लागणारं हे गाव नकाशात कर्नाटकात आहे, पण आमच्या घराघरांत मराठी. बिडीच्या तंबाखूची पेठ म्हणून ते ओळखलं जातं. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या शब्दाखातर हजारो शेतकरी याच हमरस्त्यावर ठिय्या देऊन बसले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यातले काही जण गेले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण त्या दिवसांच्या गोष्टी ऐकतच मी वाढलो. आमची आजी वखारीत तंबाखू चाळायला जायची. तोंडाला पदर बांधून दिवसभर चाळणी हलवायची. ती संध्याकाळी दारात आली की आधी वास यायचा आणि मग ती दिसायची. तिचं लुगडं, केस, हातावरची भाकरी, सगळ्याला तोच वास. गावातल्या काही गल्ल्यांतून चालताना तर हवाच तंबाखूची असायची. अशा गावच्या माणसाला तंबाखूतलं कळू नये?

कळत नव्हतं, त्याचं कारणही हेच होतं, हे समजायला मला वर्ष लागलं. जो वास जन्मापासून नाकात आहे तो आपल्याला एकसंध दिसतो. त्याला सांधे दिसत नाहीत.

*

हे सगळं घडलं फ्लोरिडातल्या टँपा शहरात. मी तिथे नोकरीसाठी गेलो आणि राहायला जागा मिळाली ती इबोर सिटीच्या जवळ. विसेंते मार्तिनेस इबोर या सिगारवाल्याने १८८५ मध्ये टँपाजवळ जमीन घेतली, फ्लोरिडातल्याच ‘की वेस्ट’ बेटावरचा आपला कारखाना तिथे हलवला आणि त्याच्याभोवती हे गाव वसलं. क्युबन, स्पॅनिश, इटालियन कामगार आले. विटांचे उंच कारखाने उभे राहिले, त्यांच्या खिडक्या अशा बेतल्या होत्या की उत्तरेचा एकसारखा उजेड पानावर पडावा, कारण पानाचा रंग पारखायचा तर उजेड बदलून चालत नाही. शेकडो माणसं रांगेत बसून सिगारी वळायची आणि उंच चौथऱ्यावर बसलेला एक वाचक त्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून द्यायचे. १९३१ मध्ये मालकांनी वाचक बंद केले. आता इथे मोकाट कोंबडे फिरतात, सकाळी पावाच्या भट्ट्यांचा वास येतो आणि काही दुकानांत अजून हाताने सिगार वळतात.

तशाच एका दुकानात खिडकीपाशी माएस्त्रो बसायचे. जन्म पिनार देल रिओचा, म्हणजे क्युबाच्या ज्या पश्चिम टोकाला जगातला सर्वात नावाजलेला तंबाखू पिकतो तिथला. १९८० मध्ये मारिएल बंदरातून जे सव्वा लाख लोक बोटींनी फ्लोरिडात आले त्यांतले ते एक. त्यांना माझ्यात रस वाटला तो एकाच गोष्टीमुळे: पहिल्याच दिवशी मी त्यांच्या टेबलावरचं पान उचलून बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. "हे कुठे शिकलास?" त्यांनी विचारलं. आजीचं सांगितलं. त्यावर त्यांनी खुर्ची ओढून दिली.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात, म्हणून ती निरुपद्रवी असं पुष्कळ लोक मानतात. तसं नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग तिनेही होतो. माझ्या आजीने आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, तरी त्या धुरळ्याने तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. तंबाखू काय करतो हे मी घरात बघितलं आहे. म्हणून महिन्याला दोन सिगारी, त्याहून एक जास्त नाही, हे मी पहिल्या दिवशी ठरवलं आणि पाळलं. न ओढणाऱ्याने हे वाचून सुरुवात करावी असं मला मुळीच वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर जे मी शिकलो त्यातलं निम्म्याहून जास्त काडी न ओढताच शिकलो.

*

सुरुवातीला मी जे केलं ते सगळे करतात आणि ते चुकीचं आहे. चवींची नावं लिहिलेलं एक गोल चक्र मिळतं. बाहेरच्या कडेला पन्नासेक नावं: चेरी, हेझलनट, एस्प्रेसो, ओकची साल. एक हातात सिगार आणि एक हातात ते चक्र घेऊन मी बसायचो आणि एकेक नाव वाचून स्वतःला विचारायचो, हे लागतंय का? विचारलं की लागतंच. चेरी वाचलं की चेरी लागते. दोन महिन्यांत वही भरली आणि तिच्यातला एकही शब्द माझा नव्हता. मी ओकची साल उभ्या जन्मात हुंगलेली नव्हती.

एकदा तर दुपारचं जेवण चुकवून एक जाड, काळी सिगार घाईघाईने ओढली. अर्ध्यावर येईपर्यंत कपाळाला घाम, हातपाय गार, पोटात ढवळलं. माएस्त्रोंनी सिगार काढून घेतली, साखरेचं पाणी दिलं आणि समजावलं. सिगारेटचा तंबाखू भट्टीच्या उष्णतेने झटपट वाळवतात, त्यात साखर राहते, धूर आम्लधर्मी होतो आणि निकोटीन अंगात जायला तो धूर छातीत घ्यावा लागतो. सिगारचं पान हवेवर आठवडेच्या आठवडे सावकाश वाळतं, त्यातली साखर जवळजवळ संपते, धूर अल्कधर्मी होतो आणि निकोटीन तोंडातूनच रक्तात उतरतं. उपाशीपोटी आणि घाईत ओढलं की असं होणारच.

त्या दिवशी त्यांनी माझी वही मागितली. शांतपणे चाळली. मग म्हणाले, "महिनाभर पेटवायची नाही."

महिनाभर दर शनिवारी मी जायचो आणि फक्त पानं हुंगायचो. सिगार तीन थरांची असते. वरचं पान म्हणजे कापा, शालीसारखं पांघरलेलं. त्याच्या आत बांधून धरणारं कापोते. आणि पोटात भरलेली पानं म्हणजे त्रिपा, शब्दशः आतडी. कापा सगळ्यात सुंदर आणि महाग, पण माएस्त्रोंचा जीव आतड्यांत. झाडावर पान कुठे लागलं यावर सगळं ठरतं. खालची पानं पातळ, सावलीतली, चवीला फारसं काही नसलेली, पण नीट जळणारी. मधली सुगंधी. शेंड्याकडची लिहेरो. त्यांनी सगळं ऊन खाल्लेलं, म्हणून जाड, तेलकट, कडक आणि हळू जळणारी. म्हणूनच लिहेरो नेहमी मधोमध घालतात, नाहीतर सिगार वाकडी जळते. हे मी वाचलेलं होतं. पण डोळे मिटून तिन्ही पानं एकामागून एक नाकाशी आली तेव्हा पहिल्यांदा तंबाखूचे तीन तुकडे झाले. खालच्या पानाला वाळल्या गवताचा वास. मधल्याला काहीतरी गोड, ओलसर. लिहेरोने नाक चुरचुरलं.

"आता नाव सांग."

मी म्हणालो, "पहिल्याचा वास कडब्याचा आहे." मग इंग्रजीत कडबा म्हणजे काय ते समजावत बसलो: ज्वारीची कणसं काढून घेतल्यावर जे वाळलेले ताट उरतात, ज्यांची गंजी रचतात, बैलांपुढे जे टाकतात. माएस्त्रोंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा एकमेव नियम मला सांगितला. शब्द कुठलाही चालेल, तुझ्या भाषेतला, माझ्या भाषेतला. पण ज्याचं नाव घेशील त्याचा डबा दाखवता आला पाहिजे.

डबा म्हणजे खरा डबा. त्यांच्या टेबलाखाली काचेच्या वीसेक बरण्या होत्या. एकीत काळ्या घेवड्यांबरोबर शिजवतात ते तमालपत्र, एकीत कच्चे कोकोचे दाणे, एकीत घोड्याच्या खोगिराचा तुकडा. वासाचं नाव घेतलं की बरणी उघडायची, हुंगायची, पुन्हा पान हुंगायचं. जुळलं तर वहीत लिहायचं, नाही जुळलं तर खोडायचं.

*

मी घरी बरण्या भरायला लागलो. आमच्या टँपातल्या मराठी मंडळींना वाटलं मी मसाल्यांचा धंदा काढतोय. दालचिनी, जायफळ, मिरी, सुंठ, भाजलेले जिरे, मेथी, काळा गूळ, कॉफी, कोकम. एका मित्राच्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपलेच्या तळव्याची पट्टी मागून आणली. ते चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्याचा वास दुकानातल्या पट्ट्यांच्या किंवा पाकिटांच्या चामड्याला येत नाही. सिगारवाले ज्याला लेदर म्हणतात त्यातलं मला पहिल्यांदा खरं उमगलं ते त्या पट्टीमुळे. तुरट, कोरडा, जरासा आंबूस वास. तो जिभेच्या कडांना लागतो, मधोमध नाही.

माझी मोठी फजिती झाली ती एका आवडत्या शब्दाने. कनेटिकट राज्यातलं एक फिकट पान असतं, ते शेतावर कापडाचे मांडव घालून त्यांच्या सावलीत वाढवतात. त्या पानाच्या सिगारला मी लिहिलं: खमंग. मला फार बरं वाटलं, इतका नेमका शब्द कुणाच्या चक्रावर नव्हता. माएस्त्रोंनी विचारलं, "डबा?" आणि मी अडकलो. खमंगचा डबा कुठला? बेसन भाजलं की खमंग. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, रवा, तुपातली जिऱ्याची फोडणी, सगळंच खमंग. घरी येऊन मी एकेक वस्तू भाजली आणि गरम असतानाच ओळीने हुंगली. बेसनाच्या वासात एक कच्ची कड असते, ती जाईपर्यंत आई उलथनं खाली ठेवत नसे. खोबऱ्यात तेल पुढे येतं. तिळात जरा कडवटपणा. पुढच्या शनिवारी त्या पानाची सिगार पेटवली तेव्हा उत्तर सरळ होतं: भाजलेल्या शेंगदाण्याचं, तेही टरफलासकट भाजलेल्या. खमंग हे वासाचं नाव नव्हतं, ती माझी पसंती होती. तंबाखू या शब्दाचं जे झालं होतं तेच या शब्दाचं झालं. जवळचे शब्दच जास्त फोडावे लागतात, असा माझा तरी अनुभव.

आणि काही वासांना तर माझ्याकडे आठवणच नव्हती. सिगारच्या पेट्या ज्या लाकडाच्या असतात त्याला सगळे सीडर म्हणतात. मला वाटायचं देवदार. माएस्त्रोंनी पेटीतला कागदासारखा पातळ काप हातात दिला तेव्हा तो देवदाराशी मुळीच जुळेना. मग कळलं की हे देवदाराच्या कुळातलं झाड नव्हेच, ते आपल्या कडुलिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं. त्याचा वास लहानपणी कुठे घेतला म्हणून मी खूप आठवून पाहिलं. नव्हताच घेतला. तो मला नव्याने शिकावा लागला, परक्या भाषेतल्या शब्दासारखा. तो काप बरणीत ठेवून रोज रात्री झोपताना एकदा हुंगायचो. साधारण तीन आठवड्यांनी तो सिगारच्या धुरात सापडला. आपोआप, न शोधता.

*

धुरातलं शोधायचं कसं, हे मात्र नाकाने शिकवलं, जिभेने नाही.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शातला तो भरीव स्वाद, एवढंच कळतं. बाकीची सगळी कामगिरी नाकाची. हे पटत नसेल तर नाक घट्ट दाबून चमचाभर बडीशेप चावून बघावी. किंचित गोड, थोडी चुरचुर, बस्स. मग चावता चावताच नाक सोडावं. बडीशेप एकदम उजळते. तो वास पुढून नाकपुडीतून आलेला नसतो, घशाच्या मागच्या बाजूने वर चढलेला असतो. सिगारमध्ये हेच मुद्दाम करायचं. धूर तोंडात घ्यायचा, छातीत ओढायचा नाही, बराचसा तोंडाने सोडून द्यायचा आणि उरलेला थोडासा नाकातून बाहेर जाऊ द्यायचा.

लिहायला सोपं आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं आणि दहा मिनिटं मला फक्त मिरची लागत होती. दुसऱ्यांदा धूर छातीत गेला आणि ठसका लागला. माएस्त्रोंनी आधी नुसत्या कोमट पाण्याच्या वाफेवर सराव करायला लावला. तोंडात हवा धरायची, गिळल्यासारखं करायचं, घसा बंद ठेवायचा, नाकातून सोडायचं. पंधरा दिवसांनी जमलं. आणि तेव्हाच निकाराग्वाच्या एस्तेलीकडच्या तंबाखूची ख्याती मला समजली. ज्वालामुखीच्या काळ्या मातीत पिकणारा तो तंबाखू जिभेवर तिखट नसतो. त्याची मिरी नाकाच्या मुळाशी बसते, आणि ती काळी मिरी नसून पांढरी असते. हा फरक माझ्या दोन बरण्यांनी सिद्ध करून दाखवला. पांढऱ्या मिरीला एक गोठ्याकडचा, कुबट वास असतो, काळीला तो नाही.

सावकाश ओढणंही आलं. मिनिटाला एखादा झुरका. भराभर ओढलं की पेटतं टोक तापतं आणि सगळ्या सिगारी सारख्याच कडू लागतात. बोटाएवढ्या जाडीची, पाच इंची सिगार तासभर टिकते, आणि त्या तासात ती एकसारखी राहत नाही. पुढच्या टोकाकडून येणारा धूर मागच्या पानांतून गाळत येतो, डांबर आणि तेल मागे साठत जातं, म्हणून शेवटचा तिसरा भाग नेहमीच जड. मी वहीचं पान तीन भागांत आखायला लागलो. सोबत फक्त पाणी. कॉफी नाही, चहा नाही.

ज्या चवीने मला खरोखर गहिवरून आलं ती मादुरोतली. मादुरो म्हणजे पिकलेलं. जाड पानं ढिगात घालून जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवतात तेव्हा ती जवळजवळ काळी होतात. तशी एक सिगार पावसाळी दुपारी पेटवली. पहिल्या भागात कॉफी. मधल्या भागात गोडी आली आणि मी लिहायला लागलो, गूळ. थांबलो. गुळाची बरणी उघडली, नाही जुळलं. पुन्हा झुरका घेतला, धूर नाकातून सोडला आणि डोळ्यांपुढे काकांचं गुऱ्हाळ उभं राहिलं. काहिलीत रस उकळतोय, गुळव्या मळी काढून टाकतोय, चुलवाणात चिपाडं धडधडतायत. हा गूळ नव्हता. हा गूळ व्हायच्या जरासं आधीचा वास होता, काकवीचा, आणि त्याला चिपाडाच्या धुराची कड होती. मी पुढच्या भारतवारीत काकवीची बाटली आणली. जुळलं. त्या पानावर मी तारीख दोनदा अधोरेखित केली आहे.

गंमत म्हणजे त्या पानात साखर नावालाच असते. गोडी जिभेवर नसतेच. उष्णतेने पानातल्या शर्करा आणि प्रथिनांच्या घटकांची जी गुंतागुंत होते, भाकरीच्या पापुद्र्याला आणि भाजलेल्या कांद्याला जिच्यामुळे वास येतो, तीच प्रक्रिया ढिगात सावकाश आणि पेटल्यावर झपाट्याने होते. चांगल्या सिगारीत वरून काही घातलेलं नसतं. कोको, काकवी, मिरी, हे सगळं पानाने स्वतः तयार केलेलं. मला याचं अजून आश्चर्य वाटतं.

*

याच सुमारास आईला फोनवर विचारलं, तुला तंबाखूचा वास कसा आठवतो?

"तंबाखूला कसला वास असणार? तंबाखूचाच की!"

मी हसलो आणि विषय सोडून देणार होतो. ती लहानपणी आजीला भाकरी द्यायला रोज वखारीत जायची. जरा वेळाने तीच म्हणाली, "नव्या मालाचा वास नाकात घुसतो बघ, डोळ्यांतनं पाणी काढतो. ठेवलेल्या मालाचा तसा न्हाई. तो पोटात उतरतो. आणि ढीग तापला की निराळाच. तुझी आजी दारातनंच सांगायची, ढीग हलवायला झालाय म्हणून."

मी वही उघडली. गेले चार महिने काही सिगारींच्या पहिल्या भागात मी एक वास लिहीत होतो आणि त्याचा मला अभिमान होता: गोठा. गोमूत्राचा, तीव्र, झोंबणारा. मला वाटत होतं मी मातीची चव पकडली. आईच्या त्या "डोळ्यांतनं पाणी" या शब्दांनी मला शंका आली. माएस्त्रोंना विचारलं. त्यांनी सिगार हुंगली आणि म्हणाले, "ही चव नव्हे, हा अमोनिया. पान आंबवताना ढिगात उष्णता पन्नास अंशांच्या आसपास चढते, तेव्हा हा वास बाहेर पडतो. म्हणून ढीग पुन्हा पुन्हा मोडून रचतात. घाई केली की तो पानातच राहतो. या सिगारी अजून कोवळ्या आहेत. सहा महिने ठेवून दे." ठेवल्या. सहा महिन्यांनी गोठा गेला होता आणि त्याच्या जागी ओल्या जमिनीचा, सारवलेल्या अंगणाचा शांत वास होता. दोष आणि गुण यांतला फरक मला आईने निपाणीहून सांगितला, आणि तिला ते सांगितल्याचंही ठाऊक नव्हतं.

वर्षाच्या शेवटी माएस्त्रोंनी परीक्षा घेतली. दोन महिन्यांत चार शनिवार, चार सिगारी, नावाच्या कागदी पट्ट्या काढून टाकलेल्या. त्यांतल्या दोन एकाच पेटीतल्या होत्या, त्या ओळखायच्या. मी चुकलो. पहिली आणि तिसरी म्हणालो, होत्या दुसरी आणि चौथी. वही तपासली तेव्हा सापडलं की चौथ्या शनिवारी मी येताना दूध घातलेली क्युबन कॉफी पिऊन आलो होतो आणि त्या दिवशी सगळीकडे खवा लिहिला होता. परीक्षा पुन्हा झाली. या वेळी जोडी बरोबर आली. फुलांचा वास मात्र, जो माएस्त्रोंना काही पानांत हमखास सापडतो, तो मला अजून एकदाही मिळालेला नाही. जाईची, मोगऱ्याची, सोनचाफ्याची, तिन्ही अत्तरं हुंगून झाली.

*

गेल्या डिसेंबरात गावी गेलो. आजी जायची ती वखार बंद झाली आहे. आईच्या ओळखीने दुसऱ्या एका वखारीत गेलो. दारात पाय ठेवला तेव्हा तो जुना, एकसंध वास अंगावर आला आणि क्षणभर मला वाटलं, शिकलेलं सगळं गेलं. मग उभा राहिलो, डोळे मिटले. वर तरंगणारा धुरळा, झोंबणारा. त्याच्या खाली कडबा. उन्हात वाळलेला, म्हणून सिगारच्या पानापेक्षा जास्त कोरडा, जास्त पिवळा. मग गोणपाट. मग कोपऱ्यातल्या पोत्यांकडून काहीतरी गडद, आंबूस गोड, चिंचेच्या जुन्या गोळ्यासारखं. आणि या सगळ्याच्या मध्ये बायका पदर बांधून चाळत होत्या. त्यातली एक खोकत होती.

वखारवाल्यांनी दोन मुठी आणून दिल्या, एक गेल्या सालची, एक त्याच्या आदल्या सालची. कुठली कुठली ते सांगितलं नाही. आईने दोन्ही मुठी एकदाच नाकाशी नेल्या, डावीकडची माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही जुनी."

मी हुंगली. मला उजवीकडची जुनी वाटत होती. तसं म्हणालो.

"न्हाई रे," ती म्हणाली. "परत बघ. दमानं घे."

मी परत नाकाशी नेली.